मामाचे कागदी राजे

तंजावूरच्या मराठा राजांची खरी मापं या जगात फक्त माझ्या मामाला ठाऊक आहेत, आणि ती सगळी माझी आहेत. खांदा माझा, पाठ माझी, बाहीची लांबी माझी. राजवाड्यात अभ्यासाला येणाऱ्या विद्वानांना हे कळलं तर ते आम्हां दोघांना एकाच दोरीने बांधतील. पण विद्वान ग्रंथालयात बसतात, टंबलरमधली कापी फुंकून पितात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. मागच्या बोळात, जिथे दारापुढच्या रांगोळीचं कोलम तमिळ आणि आतलं भांडण मराठी, तिथे एक उंचापुरा, रुंद खांद्यांचा म्हातारा जमिनीवर पालथा पडून, जिभेचं टोक बाहेर काढून राजांचे अंगरखे बेततो आहे, याची त्यांना खबरही नसते.

मामाने जन्मभर पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढले. नोकरीत असतानाच एका रविवारी राजवाड्यातल्या जुन्या चित्रापुढे उभा असताना त्याला शंका आली, की या राजाने हात वर केला तर अंगरखा काखेत फाटेल की नाही? सामान्य माणूस अशी शंका घेऊन घरी येतो, जेवतो आणि विसरतो. मामाने घरी येऊन तमिळ वर्तमानपत्रांची पानं खळीने जोडली, कचेरीतला काटकोनी गुण्या आणि लांब पट्टी काढली आणि राजाची पाठ आखायला घेतली. तेव्हापासून तो आखतोच आहे. कापड आणि पाणी यांत त्याला फरक दिसत नाही. "उतार दिला नाही तर तुंबतं," म्हणतो. काखेत जो चौकोनी तुकडा घालतात, त्याला तो पाणी सोडायचं दार म्हणतो, आणि बाहीचं भोक, ज्याला शिंपी मुंढा म्हणतात, ते चुकलं तर राज्य बुडतं अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. एरवी इतिहासाशी त्याला देणंघेणं नाही. कोणता राजा कोणाचा मुलगा, हे विचारलं तर म्हणतो, "ते असू दे. घेर बघ त्याचा!"

अडचण एकच होती. चित्रात माप नसतं. चितारी खुशाल राजाला हत्तीएवढा काढतो आणि हत्तीला शेळीएवढा. मामा छत्रीचं टोक चित्रापुढे धरून, एक डोळा मिटून मोजू लागला, तेव्हा पहारेकऱ्याने छत्री बाहेर ठेवायला लावली. मग जिवंत अंग हवं झालं. मामीला स्वयंपाक होता. मी कॉलेजात होते, सुट्टीत रिकामी होते आणि (आता कुणाला पटणार नाही) काडीसारखी होते. मामाने मला कूडात, म्हणजे आमच्या माजघरात, स्टुलावर उभं केलं आणि त्या दिवसापासून माझं नाव सुटलं. मी झाले 'राजे'.

"राजे, श्वास घेऊ नका."

"मामा, अशाने राजे मरायचे."

"मेलेलेच आहेत. हलू नका."

पुस्तकांच्या पिशवीने माझा डावा खांदा जरासा उतरलेला होता. त्यामुळे तंजावूरची अख्खी गादी डावीकडे कललेली आहे. पुढे मी लग्न करून पुण्याला गेले आणि तिथे माझा विस्तार होत गेला. मामाचं साम्राज्य मात्र होतं तेवढंच राहिलं. सुट्टीत घरी आले की तो मला चष्म्यावरून आपादमस्तक बघतो आणि दुःखाने म्हणतो, "राजे, काय हे!"

लग्नसमारंभांत त्याला नेणं म्हणजे घरच्यांची परीक्षा. पापनाशमच्या एका लग्नात तो आशीर्वाद द्यायला वर चढला आणि नवरदेवाच्या शेरवानीच्या काखेत दोन बोटं घालून म्हणाला, "टोचतं कां? हात वर कर बघू. दोन्ही." नवरदेवाने घाबरून दोन्ही हात वर केले. नवरीकडच्यांना वाटलं झडती चाललीय. मामी खालून ओरडली, "अय्यो, अहो! अक्षता टाका आणि उतरा!"

मामीचं आणि राजांचं कधीच जमलं नाही. राजे गुंडाळ्या करून माळ्यावर, कपाटामागे, झोपाळ्याच्या कड्यांत, तांदळाच्या डब्यांवर, सगळीकडे होते. एकदा तिने गच्चीवर वडाम घालायला हाताला आला तो कागद पसरला. वडाम म्हणजे आपल्या पापड-कुरडयांचा तिकडचा भाऊ. संध्याकाळपर्यंत ते एका राजाच्या पाठीवर कडकडीत वाळून बसले. मामाने एकेक वडाम नखाने सोडवला. पाठीवर डाग राहिले ते राहिलेच, आणि त्या राजाला घरात 'वडामवाले महाराज' नाव पडलं. मामाच्या मते इतका सुंदर बेत त्याच्या हातून पुन्हा झाला नाही. "या घरात राजे पोतंभर," मामी म्हणायची, "आणि फाटल्या वेष्टीला टाका घालणारा एक नाही."

ते मात्र खरं होतं. मामा शिवत नव्हता, आणि कापडाला तर त्याने कधी कात्रीच लावली नाही. आणि कापड घरात होतं! मामीच्या ओरत्तनाडूच्या वडिलांनी लग्नात जावयाला डाळिंबी रेशीम दिलं होतं. विणकराला सांगून, एका पूर्ण घेराच्या अंगरख्याचं. "हा अंगरखा घालून तुझ्याशेजारी बसेन," असं नवरदेवाने नवरीला कबूल केलं होतं. दर दिवाळीला मामी ते रेशीम ट्रंकेतून काढायची, वाऱ्याला लावायची, जुन्या घडीवर चीर पडू नये म्हणून घडी बदलायची आणि वाळ्याची जुडी घालून परत ठेवायची. "या वर्षी?" ती विचारायची. मामा म्हणायचा, "कागद चुकला तर दुसरा कागद आहे. हे चुकलं तर तुझे वडील वरून विणून पाठवणार आहेत कां?"

मग मामाला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. आमच्याकडे तेव्हा नवराबायकोला पुन्हा बोहल्यावर बसवतात, कलशांचं पाणी डोक्यावर ओततात, पुन्हा हार, पुन्हा मंगळसूत्र. मामीचा पुण्याला फोन आला. "मामाला सांग तुझ्या. अंगरखा नाही तर नवरी नाही. दुसरी बघा म्हणावं, मिळते कां." ती हसत होती, पण फोन ठेवायच्या आधी हळूच म्हणाली, "त्यांचा हात थरथरायला लागलाय गं. आता नाही तर कधी?"

मी आधीच जाऊन पोचले. कूडात चटईवर डाळिंबी रेशीम पसरलेलं होतं आणि वर वडामवाले महाराज पालथे होते. मी म्हटलं, "मामा, तुझं माप घेऊ?" तो दुखावला. "हा बेत मला पाठ आहे, राजे. नवीन माप कशाला?" मामीने कापडाचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि श्वासही धरला, मला त्याची सवय होतीच. कात्री थरथरत टेकली आणि मग कालव्यात पाणी सोडावं तशी सरळ गेली. मामी कापडाकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने तुकडे हातात घेऊन विचारलं, "नातवाला कां?" मामा ताठ उभा राहून म्हणाला, "राजाला." अंगरखा शिवून आला तेव्हा घालून बघायची सोय नव्हती. आमच्या घरी नव्या वस्त्राच्या कोपऱ्याला मुहूर्तावर हळद लागल्याशिवाय ते अंगाला लावत नाहीत. हळदीची वाटी देवापाशी, अंगरखा पाटावर, आणि सगळे नुसते बघून डोळे निववत होते.

मुहूर्ताच्या सकाळी नादस्वर सुरू झाला, हळद लागली, मामाने उजवा हात बाहीत घातला. तो कोपरापर्यंत गेला आणि थांबला. डावा घालून बघितला. तोही थांबला. त्या रुंद खांद्यांपुढे ते डाळिंबी रेशीम झबल्यासारखं लोंबत होतं, आणि अंगरख्याचा डावा खांदा किंचित उतरलेला होता. मामाने एकदा माझ्याकडे बघितलं. कॉलेजातल्या त्या काडीकडे. मग त्याने हात सोडवून घेतले, अंगरखा घडी करून पाटावर ठेवला आणि वेष्टी-उपरण्यात बोहल्यावर जाऊन बसला. मामी शेजारी बसली. तिने एकही टोमणा मारला नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगले. मामा माळ्यावरचे, कपाटामागचे सगळे राजे काढून त्यांच्या गुंडाळ्यांना सुतळी बांधत बसला होता. "रद्दीवाला उद्या येतो ना?" त्याने भिंतीलाच विचारलं. मामी उठून आत गेली.

बाहेर आली ती नऊवारीवर डाळिंबी अंगरखा घालून. बंद तिने नीट बांधले होते. हळूच येऊन झोपाळ्यावर बसली, घेर दोन्ही बाजूंना पसरला आणि म्हणाली, "अहो, राजे आलेत. मुजरा नाही कां?"

मामाने चष्मा पुसला. गुडघ्यांवर सरकत तो झोपाळ्यापाशी गेला. घेर बघितला, पाठ बघितली, डाव्या खांद्यावरून बोट फिरवलं. "उतार बरोबर पडलाय," तो पुटपुटला. मग त्याने सगळ्या मुंढ्याभोवती अंगठा फिरवला आणि ज्याला आम्ही जन्मभर हसलो तो प्रश्न अगदी हळू विचारला, "टोचतं कां गं कुठे?"

"कुठेच नाही," मामी म्हणाली.

तो पुन्हा एकदा मागून बघायला गेला. जाता जाता त्याने एका गुंडाळीची सुतळी सोडली.

मी कापी आणली होती. टंबलर मामीपुढे धरला, पण तिने तो घेतला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं: अठराव्या वर्षीच्या माझ्या मापाचा तो मुंढा तिच्या काखेत करकचून बसला होता आणि तिचा हात तोंडापर्यंत उचलला जातच नव्हता. तिने डोळे वटारून मला गप्प केलं. मी तिच्याशेजारी झोपाळ्यावर बसले, आणि मामाची पाठ वळेल तेव्हा तेव्हा टंबलर तिच्या ओठांशी नेत राहिले.