तरोट्याची भाजी

कढईत लसणावर तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, कोवळी पानं पडली आणि त्या उग्र वासानं मी यवतमाळच्या आमच्या भाड्याच्या खोलीत जाऊन पोचले.

बाबांना जाऊन महिना झाला होता. आईला न् मला कायमचं बाभुळगावला न्यायला मामा आला होता. तो सामान बांधू लागला, तशी आई मागच्या रिकाम्या प्लॉटवर गेली. मीही मागोमाग गेले. पावसानं तिथं कुणी न पेरता गुडघाभर तरोटा माजला होता. त्यावर उडणारी पिवळी फुलपाखरं आई कितीतरी वेळ बघत राहिली, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच हसली. मग पदरात शेंडे खुडून आणले, तुरीची डाळ घालून भाजी केली, भाकरी थापल्या.

"दादा, जेवून घे अन् मंग गाडी पकड. आमी नाही येत."

"एकटीले जमन का तुले?"

"जमवीन. शिवणकाम करीन, पण हिची शाळा नाही सोडवणार."

मामानं बांधलेल्या सामानाची दोरी सोडली. मी मात्र रुसून जेवलेच नाही. मला मामाकडे जायचं होतं.

आज मी आईच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. माझं शिक्षण, माझी नोकरी, सगळं तिच्या त्या 'जमवीन'वर उभं आहे.