सेक्रेटरींची सातवी बैठक

सेक्रेटरींनी आयुष्यात एकही निर्णय घाईत घेतला नाही. ‘घाईत’ हा शब्द गाळला तरी विधान बरंचसं खरं राहतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते युनियनचे सेक्रेटरी होते. कारखाना बंद पडला, युनियन पांगली, पण शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे सेक्रेटरीच म्हणत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकूही म्हणत, फक्त सूर वेगळा असे.

मुलगा मिलिंद नोकरीसाठी मस्कतला गेला, तेव्हा त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर घरी राहिला. तो सेक्रेटरींनी ताब्यात घेतला. त्यात शहर वसवायचा एक गेम होता. सेक्रेटरींच्या शहरात साठ हजारांची वस्ती होती, नदीकाठी अकरा कारखाने होते आणि त्यांतला एकही कधी बंद पडला नव्हता. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते शहर चालवायला बसत.

मग मिलिंदला मुलगा झाला. नातू पडद्यावर दिसावा म्हणून त्याने कॅमेरा पाठवला. जुन्या सिस्टीमवर तो चालेना. शेजारी आणि थोडाफार जाणकार म्हणून मला बोलावणं आलं. मी सांगितलं, नवी सिस्टीम टाकावी लागेल, त्यासाठी डिस्क पुसावी लागेल, आणि शहर नंतर चालेल याची खात्री नाही.

“विषय गंभीर आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “बैठक घेऊ.”

बैठकीला आम्ही तिघंच. तरी आदल्या दिवशी लेखी नोटीस येई, इतिवृत्त लिहिलं जाई. मतदान मात्र नाही. “बहुमताने फूट पडते, सुधीर. सर्वानुमतेच.” सर्वांत ते स्वतःही असल्यामुळे अडचण होई.

पहिल्या बैठकीत एक्सपी या नव्या सिस्टीमचा विचार झाला. त्यासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदार म्हणाला, “साईं, किस सोच में पड़े हो? अभी लोड कर देता हूँ.” सीडी कॉपी केलेली होती. “त्यामागे कुणाची तरी मेहनत आहे,” असं म्हणून सेक्रेटरी उठले. दुसऱ्या बैठकीत मी मासिकाबरोबर आलेली लिनक्स या दुसऱ्या सिस्टीमची फुकट सीडी ठेवली. हिला मालक नाही, हे ऐकून ते हरखले. तिच्यावर शहर चालणार नाही, हे कळल्यावर अधिक अभ्यासासाठी समिती नेमली. समितीत मी एकटाच होतो.

“तुमची समिती बसेपर्यंत पोरगं शाळेत जाईल,” काकू म्हणाल्या.

“शहर फ्लॉपीवर काढून ठेवू,” मी सुचवलं.

“साठ हजार माणसं? फ्लॉपीवर?”

चौथ्या बैठकीनंतर काकू दर रविवारी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात भाचीकडे जाऊ लागल्या. तिथल्या कॉम्प्युटरवर नातू दिसे. सेक्रेटरी गेले नाहीत. “घरात सोय होईपर्यंत मी दुसऱ्याच्या पडद्यावर नातू बघणार नाही.” काकू परत आल्या की मात्र विचारत, “आज काय करत होता?” काकू सांगत, “या की बघायला.”

एकदा बैठक संपल्यावर ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, “आमचा कारखाना बंद झाला त्या कागदावर कामगारांच्या बाजूने माझी सही आहे. आता हे अकरा मीच पुसू?” इतिवृत्तात हे आलं नाही.

सातव्या बैठकीची नोटीस गुरुवारी आली. विषय एकच: अंतिम निर्णय. शुक्रवारी पहाटे झोपेतच सेक्रेटरी गेले.

सेक्रेटरींच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मिलिंद बायको-मुलाला घेऊन आला. मुलगा घरभर पळत होता. निघायच्या आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, “जाण्याआधी तेवढं बोलायची सोय करून ठेव.” मिलिंदने उल्हासनगरहून सीडी आणली. पुसण्याआधी त्याने मला विचारलं, “यात ठेवण्यासारखं काही आहे का?” मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी ‘नाही’ अशी मान हलवली.

सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली. मध्ये दोनदा चहा झाला.