रिठ्याने धुतलेली वाळू

सन १९४६, कार्तिक महिना, सकाळचे साडेसात. कर्जतच्या आमच्या घराची मागची पडवी. हजर: माझा दादा, पलंगावर त्याची सोळा वर्षांची मुलगी, खोपोलीहून आलेला लोहार, स्वयंपाकाची बाई, आणि मी, मुलीची आत्या. गैरहजर: नदीवरचा कातकरी. तो मासे घेऊन दुसऱ्या दिवशी यायचा होता. वहिनी गेल्यावर घर माझ्या हाती आलं, तेव्हापासून मी यादीशिवाय काम केलेलं नाही.

मुलीला क्षय होता. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. पाय जमिनीला लागता कामा नये. पण ती डोळा चुकवून उठायची, गजांशी उभी राहून नदीकडे बघायची, आणि संध्याकाळी ताप चढायचा. तेव्हा नदीच पलंगाशी आणायची असं मी ठरवलं.

मुंबईच्या दुकानात काचेचं गोल भांडं पाहिलं. सुबक होतं, पण त्यात मासा वाकडा दिसतो आणि शेवाळाला जागा नाही. म्हणून लोहाराकडून चार फूट लांब लोखंडी चौकट करून घेतली, तिच्यात जाड काचा खडू-तेलाच्या लुकणाने बसवल्या. पाणी भरल्यावर वजन सात मणांच्या घरात जाणार होतं. लाकडी बाक टिकला नसता. काळ्या दगडांचे दोन टेकू रचले, वर फरशी, फरशीवर घोंगडीची घडी.

"बाई, म्हस बसवायची हाय का यात?" लोहार म्हणाला.

"बसव की," मुलगी पलंगावरून म्हणाली. "आत्या तिचीपण यादी करील."

दादा हसला. बऱ्याच दिवसांनी.

वाळू नदीतलीच होती. साबणाने मासे मरतात एवढं मला माहीत होतं, म्हणून मी रिठा घेतला. आमच्याकडे रेशमी लुगडं, सोन्याची बांगडी, लहान मुलांचे केस, सगळं रिठ्याने धुतात. आजाऱ्याच्या उशाशी घाण नको म्हणून वाळू रात्रभर रिठ्याच्या पाण्यात भिजत ठेवली होती. सकाळी काचाही त्यानेच पुसल्या आणि सगळं एकदा विसळलं. नदीतल्या शेवाळाच्या बुडाशी खडे बांधून ते रोवलं, उंच मागे, बुटकं पुढे. वाळू उसळू नये म्हणून तळाशी बशी ठेवून तिच्यावर पाणी ओतलं. कडेला बारीक फेस आला. ओतण्याचा असेल म्हणून मी तो हाताने काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी कातकऱ्याने हंडीतून वीस मासे आणले, बोटभर, अंगावर काळा पट्टा असलेले. सोडले आणि तो गेला. मुलगी कुशीवर वळून बघत राहिली. मधून मधून खोकायची, काचेवर वाफ धरायची, ती पदराने पुसायची. दुपारपर्यंत ती एकदाही उठली नाही. मी वहीत तशी नोंद केली.

दुपारी मासे वर येऊन तोंड उघडू लागले. चारला सगळे उलटे झाले होते.

स्वयंपाकाची बाई दारातून हळूच म्हणाली, "त्या हवेत मासा बी टिकला नाय गं." दादाने ऐकलं. मुलीनेही.

"आत्या, माझ्या खोकल्याने ना?"

"गप पड. काहीतरी बोलू नकोस," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

सकाळी कातकरी हंडी न्यायला आला. पाण्यात हात घालून त्याने बोटं चोळली.

"बाय, यात काय घातलंस?"

"रिठ्याने धुतलंय."

तो हसला. "रिठा कुटून आमी डोहात टाकतो, मासं वर यायला. तू तर घरात डोह मारलास!" मग माझा चेहरा बघून त्याने हंडी उचलली.

"कोणाला बोलू नकोस," मी त्याला सांगितलं.

त्याच दिवशी यादीत लिहिलं: मुलीला रिठ्याचं सांगणे. आधी वाळू साध्या पाण्याने धुऊन नवे मासे आणू, मग सांगू, असा विचार होता. पण मासे आणायला तिने बंदी केली. ताप उतरल्यावर सांगू म्हटलं, तो उतरेना. ती आता उठत नव्हती, डॉक्टर खूश होते. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मला केस विंचरू देईना. दादा जवळ आला की तोंडावर चादर ओढायची. "बाबा, लांब बसा. मासे बघितलेत ना?" शेवटचे तीन महिने दादा उंबऱ्यापाशी बसला, तिथूनच तिच्याशी बोलला. फाल्गुनात ती गेली, तेव्हाही तो उंबऱ्यावरच होता.

याला तीन वर्षं झाली. वाळू मी पुष्कळ वेळा धुतली. शेवाळ पाण्याच्या वरपर्यंत आलंय, दर सोमवारी मी पाणी बदलते. दादा पडवीत येत नाही. पाहुण्यांना सांगतो, "मासेसुद्धा जगले नाहीत हो तिच्याजवळ." मी चहा ठेवून आत जाते.

यादीतली ती ओळ खोडता येत नाही. तिच्याखाली दुसरी लिहिली आहे: दादाला सांगणे. ते राहिलंय.