धुतलेला स्वेटर

माझे सासरे दोन्ही वेळेला बायकोचा स्वेटर घालून शेळ्यांच्या धारा काढायचे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बापडे, मीही हसले होते. लाल स्वेटर, पांढरी बटणं, बाह्या जेमतेम कोपरापर्यंत, आणि पोटावरची दोन बटणं शेवटपर्यंत लागली नाहीत ती नाहीतच. वर या झुपकेदार मिशा! "बाबा, फोटो काढू का?" मी विचारायचे. तर म्हणायचे, "काढ आणि माहेरी पाठव. कुठल्या घरात पोरगी दिलीय ते कळू दे त्यांना."

सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. आमच्याकडे वाटणी पक्की होती, शेत बाबांचं आणि गोठा आईंचा. आठ शेळ्या आणि त्यांची करडं, सगळी आईंच्या मागे मागे. बाबांनी चाळीस वर्षांत कधी शेळीच्या सडाला हात लावला नव्हता. आई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ते भांडं घेऊन आत शिरले, तर एकही शेळी जवळ येऊ देईना. म्होरकीने तर अशी लाथ झाडली की भांडं एकीकडे आणि बाबा दुसरीकडे. कळपाच्या पुढे चालते म्हणून ती म्होरकी. ती जे करेल तेच बाकीच्या सात करणार.

मग बाबांनी खुंटीवरचा आईंचा स्वेटर काढला आणि अंगात चढवला. हे त्यांना कोणी शिकवलं, देव जाणे. म्होरकीने त्यांचा हात खालपासून वरपर्यंत हुंगला आणि मुकाट्याने उभी राहिली. पान्हा सोडला. त्या दिवसापासून बाबांचं बस्तान बसलं. बोटांना पेटके यायचे, रात्री मी तेल चोळून द्यायचे, पण सत्तरी ओलांडलेला माणूस नवं काम शिकला आणि त्यात रमला.

आणि मग मी माझी अक्कल पाजळली.

मला स्वच्छतेचा सोस आहे. नवरा म्हणतो, सोस नाही, रोग आहे. एका रविवारी छान ऊन पडलं होतं, म्हणून मी सगळं घरच धुवायला काढलं. चादरी, अभ्रे, पांघरुणं, आईंच्या शाली आणि खुंटीवरचा तो स्वेटर. केवढा कळकट झाला होता! दोनदा साबणात भिजवला, वर ते सुगंधी पाणी ओतलं. इतका लख्ख निघाला की माझं मलाच कौतुक वाटलं.

संध्याकाळी बाबा खुंटीपाशी घुटमळताना दिसले. मी अंगणातून ओरडले, "बाबा, दोरीवर आहे! बघा कसा नव्यासारखा झालाय!" ते दोरीपाशी गेले. स्वेटर दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ. मग तो परत नीट वाळत घातला, चिमटे लावले. "वाळला की दे," एवढंच म्हणाले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेळ्यांचं सोडा हो, त्या माणसाजवळ बायकोचा तेवढाच वास उरला होता, आणि तो मी मोरीत सोडून दिला होता.

वाळलेला स्वेटर घालून बाबा गोठ्यात गेले, तर म्होरकीने एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा लाथ. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आम्ही धरून पाहिलं, बांधून पाहिलं, पण बाईने पान्हा चोरला तो चोरलाच. त्यात तिला करडू एकच, आणि ते लाडोबा एकाच सडाला लुचणार. दुसरी बाजू फुगून दगड झाली. जनावरांचे डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. जाताना म्हणाले, "हाताने मोकळी करा, नाहीतर ती बाजू कायमची जाईल."

बाबा पायरीवर बसून म्हणाले, "आज निघालं नाही तर उद्या सगळ्या त्या पलीकडच्या शेळीवाल्याला देऊन टाकू. त्याला जमेल. तिच्या शेळ्यांचे हाल करायला मी नाही ठेवलेल्या."

मी घर उलटंपालटं केलं. आईंचं न धुतलेलं काहीतरी, एखादा रुमाल, एखादी पिशवी! कसलं काय. नवरा दारातून म्हणाला, "शाब्बास. घराचा दवाखाना करून ठेवलायस." मी त्याच्यावर खेकसले आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

संध्याकाळी बाबा स्वेटर न घालताच गेले, आपल्या शेतातल्या मळक्या शर्टात. मी कोमट पाणी घेऊन मागे गेले आणि दाराशीच थबकले. ते म्होरकीला हात न लावता नुसते शेजारी बसले होते. आणि बोलत होते.

"सुनेने धुतला गं. मुद्दाम नाही धुतला. तिला काय माहीत? तीन दिवस धड जेवलेली नाही पोरगी. तिच्यावर राग नको धरूस." मग म्हणाले, "मलाही करमत नाही. मीही शोधतोच आहे."

हे म्होरकीला सांगणं चाललं होतं की आईंना, मला कळलं नाही. पाणी तसंच हातात धरून मी उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी सावकाश हात पुढे केला. म्होरकीचं अंग थरथरलं, पण पाय उचलला नाही. आधी गुठळ्या आल्या, मग पाणचट काहीतरी, आणि मग भांड्यात धार वाजली.

"दारात काय उभी आहेस? ये आत," बाबा वळून न बघता म्हणाले. "बस इथे. फिरव हात तिच्या पाठीवरून."

"मला नाही जमायचं, बाबा. आणि तुम्ही आहात की."

"आहे ना. पण तुझा वास तिला आत्तापासून लागू दे. नाहीतर मी गेल्यावर माझा शर्ट शोधत घरभर फिरशील, आणि तोही तू धुऊन टाकला असशील."

मी, जिला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, पाणी बाजूला ठेवलं. खाली बसले. बाबांनी माझा हात धरून म्होरकीच्या सडावर नेऊन ठेवला. गरम होता तो सड. मी पटकन बोटं आखडली.

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "अजून आहे मी."