कड्यावरच्या खाचा

आज सूनबाईनं नातवाचं चांदीचं कडं पुढं ठेवलं. "आबा, चावून चावून काय केलंय बघा यानं. जरा चकचकीत करून द्या." पॉलिश मशीनच्या कडक नमद्याच्या चाकाकडं गेलेला हात मी मागं घेतला आणि मऊ सुती चाक चढवलं. तापलेल्या पॉलिशचा वास सुटला, तशी नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली.

बारामतीत माझं पॉलिशचं दुकान नवीनच होतं. भवानीनगरची एक गरोदर बाई असंच कडं घेऊन आली. "बाळासाठी उजळून द्या," एवढंच म्हणाली. सुती चाकानं नुसती चकाकी आली असती, पण मला कारागिरी दाखवायची होती. मी लोकरीच्या नमद्याचं कडक चाक लावून एकूण एक खाच घासून काढली. कडं आरशासारखं झालं.

तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

"हितं दातांच्या खुणा हुत्या, दादा. आमच्या थोरलीच्या. ती न्हाय आता."

मग स्वतःच म्हणाली, "तुमाला काय ठावं? मीच सांगाया पायजे हुतं."

कडं पदराला बांधेपर्यंत तिचा अंगठा त्या गुळगुळीत चांदीवर शोधतच होता.