काचेत चढलेला पीळ

गॅरेजवाल्या शंकरशेठने मला फसवलं. जुन्या ट्रकवर मी स्वतः पत्रा जोडून फिरतं घर बांधतोय. घर आणि ट्रकची चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, यांच्यामध्ये स्प्रिंग घालतो म्हणाला, आणि घर सरळ चेसीला बोल्टने आवळून वर काळा रंग मारला. भाव मी पाडून घेतला होता, पण स्प्रिंग वगळून नव्हे.

परवा ओढा ओलांडताना एक चाक दगडावर चढलं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा माझ्यादेखत काचेवर सरकत गेला. त्यात ऊन अडकलं होतं. देखणा होता, खोटं कशाला बोलू!

खाचखळग्यांत ट्रकची चेसी पिळवटते, म्हणूनच टिकते. तिला जखडलं की तो पीळ वर चढून काचेत शिरतो. मलाही लोक जन्मभर "जरा दमानं घ्या" म्हणत आवळत आले. भांडत राहिलो म्हणून शाबूत आहे.

शेठ म्हणतो, "अहो भाऊ, घर हलायला नको म्हणून मजबूत केलंय!"

ते बोल्ट आता मीच काढणार. बायकोला घेऊन हे घर हिमालयात जाणारच. पण आधी शेठ, तुम्ही त्या खिडकीशी बसायचं. ट्रक मी ओढ्यात घालतो. तडा पुढे सरकला की तिथंच सांगायचं, माझे स्प्रिंग कुठे आहेत?