मैदानातून जाणारी ट्राम

आमच्या घरांच्या रांगेसमोर गवताचं एक मोठं मैदान आहे. उत्तर डब्लिनमधल्या बऱ्याच वसाहतींसमोर असतं तसंच: दोन गोलपोस्ट, कडेला झाडं, आणि लोकांच्या चालण्याने मधोमध पडलेली पायवाट. या मैदानातून ट्रामची नवी लाइन जाणार, आपली मतं लेखी कळवावीत, असं पत्रक दारातून आत पडलं. मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि नवऱ्याला फोन केला. तो शहराबाहेर, ड्रोहेडा गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्यामुळे गाडी त्याच्याकडे. माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जायचं, आणि दुसरी बस कधी येईल याचा नेम नाही.

मुलीचं आफ्टरस्कूल, म्हणजे शाळेतलंच पाळणाघर, सहाला बंद व्हायचं. मी वेळेत पोचणार नाही असं दिसलं की शेजारच्या बाईंना मेसेज करायचे. बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. चाकांचा वॉकर ढकलत त्या शाळेपर्यंत जायच्या आणि मुलीला घरी घेऊन यायच्या. मी पोचेपर्यंत दोघी टीव्ही बघत बसलेल्या असायच्या. आठवड्यातून दोनदा तरी हे घडायचं, आणि त्यांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

त्याच बाई एका शनिवारी हातात कागद घेऊन आल्या. ट्रामच्या विरोधात सह्या गोळा करत होत्या. आमच्या रांगेतल्या बहुतेकांनी केल्या होत्या.

"तुझी राहिलीय," त्या म्हणाल्या.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

विचार तर झालेलाच होता. दोन दिवस मी तोंड लपवून काढले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं, "मला सही करता येणार नाही. मला ट्राम हवी आहे. मी तिच्या बाजूने पत्र लिहिणार आहे."

"ग्रँड," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. इथे ग्रँड म्हणजे उत्तमही असतं आणि विषय संपला असंही. मला काय ते कळलं.

मुलीला आणणं मात्र त्यांनी थांबवलं नाही. फक्त आता तिला आमच्या दारापर्यंत सोडायच्या आणि आत न येता परत फिरायच्या. "आर यू फायटिंग?" मुलीने एकदा विचारलं. मी मराठीत नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.

महिन्याभराने शाळेच्या हॉलमध्ये माहितीसभा झाली. भिंतींवर नकाशे लावलेले, प्रत्येकापाशी एक इंजिनिअर. मी आमचा स्टॉप कुठे येतो ते शोधत होते. घरापासून पाच मिनिटांवर. खूश झाले. पलीकडे बाई एका तरुण इंजिनिअरला विचारत होत्या, "मी दुकानात जाते ती ही वाट. इथून मी रूळ कसे ओलांडायचे?"

त्याने नकाशावर बोट ठेवलं. इथे कुंपण आहे. ओलांडायची जागा त्या टोकाला, नाहीतर या टोकाला.

"या वॉकरने?" बाईंनी विचारलं.

आवाज, झाडं, धूळ अशीच काहीतरी त्यांची तक्रार असेल असं मी धरून चालले होते. तोवर मी त्यांना विचारलंच नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "उद्या सकाळी तुमच्याबरोबर दुकानापर्यंत चालू का?"

चाललो. आधी नेहमीच्या पायवाटेने, मग नकाशातल्या लांबच्या वाटेने. परतताना बाईंना भिंतीला टेकून दोनदा थांबावं लागलं. त्याच दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पत्र लिहिलं: लाइन यावी. पण पायवाट जिथे आहे तिथेच ओलांडायची सोय असावी. बाईंनी ते चष्मा लावून वाचलं. "दुसऱ्या वाक्यावर मी सही करते. पहिल्यावर नाही," त्या म्हणाल्या. मग आम्ही दोन पत्रं केली.

नव्या आराखड्यात ओलांडायची जागा आली. पायवाटेवर नाही, थोडी बाजूला. बाईंनी आपली हरकत मागे घेतली नाही, आणि मीही तसं सुचवलं नाही.

नंतर एका रविवारी त्यांना घेऊन मी सध्याच्या लाइनच्या शेवटच्या स्टॉपवर गेले. इतकी वर्षं डब्लिनमध्ये राहून त्या ट्राममध्ये चढल्या नव्हत्या. प्लॅटफॉर्म आणि डब्याची जमीन एका पातळीत. वॉकर उचलावा न लागता आत गेला. त्या खिडकीशी बसून बाहेर बघत राहिल्या. रुळांच्या कडेने जुनी गोदामं पाडून पाच-सहा मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या. "इथे आमचे हे कामाला होते," एका इमारतीकडे बघत त्या म्हणाल्या. "आता ओळखू येत नाही." त्यात दुःख होतं की नुसती माहिती, ते मला सांगता येणार नाही.

लाइन अजून झालेली नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या बंद कारखान्याच्या जागेवर मात्र फ्लॅटची जाहिरात लागली आहे, 'ट्राम दारात' म्हणून. मला आता आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असतं. गेल्या आठवड्यात मैदानात जमिनीला भोकं पाडून माती तपासणारी माणसं आली. बाई त्यांच्यापाशी जाऊन बराच वेळ उभ्या होत्या. परत आल्यावर मला कुंपणावरूनच म्हणाल्या, "खाली सगळी चिकणमाती आहे म्हणे. वेळ लागेल त्यांना."